शेवटच्या होडीपर्यंत

मन्नारच्या आखातावरच्या आमच्या गावात सगळ्या होड्या परतल्याशिवाय कुणी चूल पेटवत नाही. सूसैची होडी काल सकाळी यायची होती. आज उन्हं कलली तरी पत्ता नव्हता. त्याच्या दारात बायका जमल्या. शेजारची पुष्पम काखेतलं रडकं पोर सावरत म्हणाली, “हा कालपासून शहाळ्यावर आहे. पण मी काही बोलत नाही, बाई.” “बोललीस की!” दुसरी फिसकन हसली. सूसैची बायको लूर्दम्मा उठली. “माझ्यासाठी पोरं उपाशी नकोत, अक्का. मीच पेटवते.” तिने चूल पेटवणं म्हणजे नवऱ्याची आशा सोडणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी अडवलं नाही, पुष्पमनेही नाही. काडी पेटली. धूर निघताच पुष्पम आत धावली. तिने कळशीभर पाणी चुलीवर ओतलं. “वेडे,” ती ओरडली, “माझं पोर काढेल अजून एक रात्र!”