ओळीचा शेवट जिन्यात

"बस तलावात गेली!" साहेब ओरडले. "परत!"

धाकलीने कपाळाला हात लावला. ऑफिसात सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकली. तिथला थांबा केव्हाच बंद झाला होता, त्या जागी पोहण्याचा तलाव आला होता. तो बंद असल्याची नोंद सगळ्या थांब्यांच्या फाइलीतही होती. पण त्या एक्सएमएल फाइलीतून चालकांचा रोजचा मार्ग काढायची ती ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रॅमर उस्ताद यांनी लिहिलेली कोडची ओळ, आणि ती कुणाचं ऐकेल तर शपथ! चालक बिचारे मार्गात लिहिलंय म्हणून जायचे. कंपनीने प्रवाशांना टॉवेल वाटायला घेतले होते.

ओळ एकच, पण काय ओळ! कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस. संगणकाच्या एका पडद्यावर मावेना, म्हणून पडद्याला पडदा लावून मांडलेले. टेबलापासून निघून, पाण्याच्या पिंपाला वळसा घालून ती जिन्यात संपायची. जिन्यात पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. तिच्याजवळ कुणी शिंकतही नसे.

"आजच्या आज दुरुस्त कर," साहेब म्हणाले, "नाहीतर उद्यापासून टॉवेल तूच वाटायचेस."

धाकली उस्तादांकडे धावली. ते ओळीच्या मधोमध खाट टाकून बसले होते. दात घासायचा ब्रशसुद्धा तिथेच.

"उस्ताद, जरा समजावून सांगता?"

"समजावून कळली तर ती ओळ कसली! आणि हात लावलास तर याद राख."

झालं! धाकलीचं डोकंच फिरलं. तिने कोरं पान उघडलं आणि पहिल्यापासून लिहायला बसली. फाइल उघड. एकेक थांबा घे. बंद असेल तर सोड. चालू असेल तर मार्गात लिही. एकेका कामाला एक ओळ, प्रत्येक गोष्टीला सरळ नाव.

शेजारच्या हिशेबनीसबाई वाकून बघायला लागल्या. "अगं बाई, हे तर मलाही कळतंय! नक्की काहीतरी चुकलंय तुझं."

पण चुकलं नव्हतं. नवा मार्ग चालकांकडे गेला आणि थोड्याच वेळात एका चालकाचा फोन आला. तो रडायचाच बाकी होता. "ताई, कोरडा आहे मी! ठणठणीत कोरडा!"

आरडाओरडा ऐकून उस्ताद तरातरा आले. हिशेबनीसबाई टेबलाखाली शिरल्या. साहेबांना अचानक महत्त्वाचं काम आठवलं. उस्तादांनी धाकलीचं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं, ओळीवर बोट ठेवून.

"हे कुणालाही वाचता येईल?"

"हो."

"बदलताही येईल? मी इथे नसलो तरी?"

"नसलात तरी," धाकली म्हणाली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

काहीच फुटलं नाही. तिने एक डोळा किलकिला केला, तर उस्ताद परत आपल्या खाटेपाशी जाऊन, खाली वाकून बूट शोधत होते. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मग पोरी... मी आता घरी जाऊ?"