हजची सोबत

"खाली उतरायची काय गरज?" मेहबूब गाडीतूनच ओरडला. "चाकाचं आरंसुदिक भिजत न्हाईत एवढं पानी हाय!"

जोडे हातात घेऊन शफी घोड नदीच्या पात्रात उतरला आणि गाडीमागून चालू लागला. मधोमध थांबून त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि परत सोडून दिलं. पलीकडच्या काठावर गाडी खोळंबली.

"ह्याच्यापायी आमची बोट चुकायची!" मेहबूबनं गाडीच्या दांडीवर मूठ आपटली.

"येऊ द्या की," त्याची बायको बिबिजान हळूच म्हणाली. शेजारी शफीची बायको सितारा मान खाली घालून बसली होती.

चौघं जुन्नरहून हजला निघाले होते. पुण्यापर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी, मुंबईहून अरबस्तानातल्या जेद्द्याची आगबोट. जुन्नरात मेहबूबचा हातकागदाचा कारखाना होता आणि शफी तरणा असल्यापासून तिथं कामाला होता. निघण्याआधी रिवाजाप्रमाणं मेहबूब घरोघर जाऊन माफी मागून आला. भाऊबंद झाले, शेजारी झाले, व्यापारी झाले. शफीच्या घरी तेवढा गेला नाही. तो तर बरोबरच येणार होता.

"मालकानं कामगाराला हजला न्यायचं म्हंजी लई मोठं मन पायजे, राव," गाडीवान गेणभाऊ म्हणाला. पिंपळवंडीचा हा माणूस सकाळपासून हेच घोकत होता.

"बैलाकडं बघ!" मेहबूब त्याच्यावर खेकसला.

मंचरला झाडाखाली गाडी सोडली. सितारानं फडकं उलगडलं आणि पहिली भाकरी मेहबूबपुढं धरली.

"घ्या, भाईसाब."

"मला पहिली नको! किती बारी सांगायचं?" त्यानं तिचा हात झटकला. भाकरी मातीत पडली. सितारानं ती उचलली, झाडली आणि स्वतःच्या पुढ्यात ठेवली. मग दुसरी काढून पुन्हा त्याच्यापुढं धरली.

"अन्नावर राग काढू नका," बिबिजान म्हणाली.

"ती मुद्दाम करतीया."

"काय मुद्दाम?"

मेहबूब उठून बैलांकडं गेला. त्या दुपारी तो जेवलाच नाही.

आगगाडीत खिडकीची जागा शफीनं त्याला दिली. मेहबूबचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा अंगावर शफीची शाल होती. त्यानं ती ओढून काढली आणि शफीच्या पायांवर फेकली. डब्यातली माणसं वळून बघायला लागली.

"तुला राग कसा तो येतच न्हाई का रं?"

"आपन कुठं चाललोय, मालक," शफी शालीची घडी घालत म्हणाला. "वाटंत राग कशाला?"

मुंबई येईपर्यंत मेहबूब खिडकीबाहेर तोंड करून बसून राहिला.

बंदरावर प्लेगची तपासणी झाली. डॉक्टरनं काखा चाचपल्या, जीभ बघितली. पुढं मेजामागं एक कारकून बसला होता.

"वाटेत काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं?"

मेहबूबनं आपल्या दोन्ही मुलांची नावं सांगितली.

"तुमचं?" कारकुनानं शफीला विचारलं.

"कुनी न्हाई."

"मूलबाळ?"

"न्हाई."

"झालंच नाही का?"

सितारानं पदर तोंडाशी नेला. मेहबूबनं मेजावर हात आपटला. दौत कलंडली.

"न्हाई म्हनला ना तो! कितींदा वदवून घेनार? फुडचं विचार!"

शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मागून शफी आला आणि त्यानं मेहबूबची खाली पडलेली टोपी उचलून त्याच्या हातात दिली. समोर बोट लागलेली होती. माणसं बोचकी घेऊन शिडीवर चढत होती. दोघी बायकांची नोंद अजून आत चालली होती.

मेहबूबनं शफीची गचांडी धरली.

"बास झालं! शिवी दे मला. थुक माझ्या तोंडावर. कुकडीला पूर आलेला, आन् काठावर कागदासाठी भिजत घातलेला ताग वाहून जाईल म्हनून तुझ्या पोराला, सलीमला, मीच पान्यात उतरवला. तो नको म्हनत व्हता. मीच धक्का दिल्यावानी केलं! त्याचं मढंसुदिक गावलं न्हाई तुमाला. आन् वरीस उलटायच्या आत तूच माझ्या दारात येतोस आन् म्हनतोस, मालक, हजला संगं चला. भाकरी वाढता, शाल पांघरता! समदं जुन्नर म्हनतंय मी तुला नेतोय. तू मला माफ केलंस, पर ही माफी मला सोसंना, शफी!"

शफीनं त्याची बोटं एकेक करून गळ्यावरून सोडवली. पहिल्यांदाच त्यानं मेहबूबच्या डोळ्यांत बघितलं.

"माफ कुठं केलंय, मेहबूब?" तो म्हणाला. "जुन्नरात लई बघितलं, न्हाई जमलं. तिथं तरी जमतंय का, ते बघाया तुला घेऊन चाललोय."