एक दिवस कमी

पॅरिशच्या कारभाऱ्यानं हद्दपारीचा कागद पुढं सरकवला, तसा म्हातारा जेथ्रो तडकला. "मालक, बावीस वर्षं तुमचंच रान नांगरलं. आता हात चालंनात, तर जन्मगावी हाकलता व्हय?"

इंग्लंडात तेव्हा गावगाडा पॅरिश हाकायची, अन् इथं शेतमालक तोच, कारभारीही तोच. "कायदा हाय, बाबा. सलग वर्षभर चाकरी केलेल्यालाच पॅरिश म्हातारपणी पोसती. तुझं एकबी वर्ष पुरं न्हाई."

पुरं होणार कसं? दरसाल वर्ष भरायला एक दिवस उरला, की हाच त्याला काढायचा अन् आठवड्यानं परत घ्यायचा!

जेथ्रोनं टोपी पार चुरगाळली. मग खिडकीतून बायकोच्या चर्चमागच्या थडग्याकडं बोट केलं.

"ती अकरा वर्षं हितंच हाय, मालक. एका दिवसाची रजा न्हाई. तिची वर्षं धरा की."