आईचं वळण

"सगळी चित्रं झाली की आईचा आवाज ऐकवशील ना?" लिओनोरने तिसऱ्यांदा विचारलं.

"ऐकवीन," यामिनी म्हणाली. "आता आठच राहिलीत."

सात वर्षांची लिओनोर रेकॉर्डिंगच्या छोट्या खोलीत मोठ्या खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. यामिनी एकेक चित्र पुढे सरकवायची. ते बघून लिओनोरने एक प्रश्न विचारायचा, आधी वडिलांच्या जर्मनमध्ये, मग आईच्या पोर्तुगीजमध्ये. यामिनीशी मात्र ती इंग्रजीतच बोलायची.

आज सुरुवातीला तिने पोर्तुगीज बोलायला साफ नकार दिला होता. तोंड घट्ट मिटून बसली होती. गेल्या जानेवारीत शेजारच्या खुर्चीत तिची आई होती आणि याच मायक्रोफोनवर तिनेही ही सगळी चित्रं बघून प्रश्न विचारले होते. एप्रिलमध्ये विनिपेगबाहेरच्या हायवेवर बर्फावरून आईची गाडी घसरली आणि ती गेली. तिचा आवाज अजून लॅपटॉपमध्ये आहे, हे यामिनीने सांगितलं तेव्हा कुठे मुलीचं तोंड उघडलं.

पुढचं चित्र टेबलाखाली झोपलेल्या मांजराचं होतं.

"मांजर झोपलंय?" लिओनोरने पोर्तुगीजमध्ये विचारलं.

त्या भाषेत प्रश्नाला वेगळे शब्द लागत नाहीत. आपल्या मराठीसारखंच, आवाज काय ते काम करतो. तिची आई आवाज आधी खाली आणायची आणि अगदी शेवटी हलकेच उचलायची. गेल्या वर्षी लिओनोरही तसंच विचारत होती. आज तिचा आवाज वडिलांच्या जर्मनसारखा सरळ वर चढत गेला.

काचेपलीकडे नंदकुमार सर स्क्रीनवर तिच्या आवाजाची चढणारी रेघ बघत होते. सर एकाहत्तर साली पुण्याहून कॅनडात आलेले. निवृत्त झाले तरी लॅब सोडवत नव्हती. यामिनीच्या हेडफोनमध्ये त्यांचं मराठी ऐकू आलं.

"गेलं बघ! नऊ महिन्यांत आईचं वळण साफ गेलं. घरात पोर्तुगीज बोलणारं कोणी नाही, झीरो इनपुट. अशी केस जन्मात एकदा मिळते, यामिनी. तुझा एम.ए.चा थीसिस झाला म्हणून समज."

यामिनीने पुढचं चित्र सरकवलं.

शेवटचं चित्र झालं तशी लिओनोर खुर्चीत ताठ बसली. केस कानामागे सारले. टेबलावरचे मोठे हेडफोन तिने स्वतःच उचलून डोक्यावर चढवले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले.

"मी तयार आहे."

यामिनीने फाइल शोधली.

"अगं, काय करतेस?" सर म्हणाले. "ते लावायचं नाही. जूनमध्ये हिचं पुन्हा रेकॉर्डिंग आहे. आता एकदा जरी तिने आईचं ऐकलं, तरी सगळा डेटा कंटॅमिनेट होईल."

"सर, मी तिला शब्द दिलाय," यामिनी मराठीतच म्हणाली.

लिओनोर एकदा तिच्याकडे, एकदा काचेकडे बघत होती. तिला एक अक्षरही कळत नव्हतं.

"मग मशीन बिघडलं म्हणून सांग. मुलं विसरतात गं. किती लवकर विसरतात, तेच तर आपण मेजर करतोय." सर माइकजवळ सरकले. "तुझ्या पीएचडीचं रेकमेंडेशन मी याच आठवड्यात लिहायला बसतोय."

यामिनीचं बोट बटणावर होतं. ते तिने उचललं.

"सॉरी, बेटा. मशीन बिघडलंय."

लिओनोरने लॅपटॉपकडे पाहिलं. स्क्रीन चालू होती. तिने हळूच हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले.

"मी चुकीचं बोलले का?"

"नाही गं. छान बोललीस."

"आई नेहमी सांगायची, परत म्हण." ती खुर्चीवरून खाली उतरली. "मी घरी प्रॅक्टिस करीन. जूनमध्ये बरोबर बोलले, तर मशीन चालेल?"

"प्रॅक्टिस नको!" सर हेडफोनमध्ये जवळजवळ ओरडले. "आधी तिच्या बापाला सांगून ये. जूनपर्यंत पोर्तुगीज नाही. पुस्तक नाही, यूट्यूब नाही, काही नाही."

कॉरिडॉरमध्ये तिचे वडील, डीटर, मुलीचं जॅकेट मांडीवर घेऊन बसले होते. मुलगी बाहेर आली तसे ते उठले.

"कसं झालं?"

"छान," यामिनी म्हणाली. "फक्त एक गोष्ट. जूनपर्यंत घरी तिने पोर्तुगीजची प्रॅक्टिस करू नये. अभ्यासासाठी तसं गरजेचं आहे."

डीटर जॅकेटची बाही उलटी झाली होती ती सुलटी करत राहिले. "कोणाशी करणार? मला तर ती भाषा कधी आलीच नाही." मग मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "आंघोळीला बसली की एकटीच बोलत असते. आईशी. मी दाराबाहेर उभा राहून ऐकतो. कळत काही नाही, पण ऐकतो." त्यांनी यामिनीकडे पाहिलं. "तेही थांबवायचं का?"

यामिनीने मागे वळून पाहिलं. सर दारात उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि होकारार्थी मान हलवली.

"शक्य असेल तर," यामिनी म्हणाली.

डीटरनी मान डोलावली. ते मुलीसमोर गुडघ्यावर बसले. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. त्यांनी जॅकेटची चेन वर ओढली, लोकरीचा मफलर तिच्या गळ्याभोवती, मग तोंडावरून दोनदा गुंडाळला आणि मागे घट्ट गाठ मारली.