चार्जर

गोडसर, उग्र वास आला म्हणून प्रियंका सासऱ्यांच्या खोलीत गेली. जयसिंगरावांच्या रिमोटवाल्या विमानाची लिथियम बॅटरी गादीवर चार्जिंगला लावलेली होती आणि फुगून टम्म झाली होती. खोलीत कोणीच नव्हतं. तिनं प्लग ओढला, चिमट्यानं बॅटरी उचलली आणि गॅलरीतल्या वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली. हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं होतं.

थोड्या वेळानं जयसिंगराव राजवाड्याजवळच्या मंडईतून भाजी घेऊन परतले. तिनं सांगितलं तसे ते भडकले.

“गादीवर? हद्द झाली! चार्जिंगला लावून कोणी असं उठून जातं का? अख्खं घर पेटलं असतं. बोलव त्या देवांशला. आज सोडणार नाही मी नातवाला.”

“बाबा, देवांश इथे नाहीये.”

“मग कुठे गेलाय?”

“होस्टेलला. त्याला पुण्याला सोडायला तुम्हीच तर गेला होतात.”

ते तिच्यासोबत आपल्या खोलीत आले. मग पलंगाच्या कडेला बसले. गादीवरून हात फिरवला. चादर अजून कोमट होती. ते उठले, चार्जरची वायर नीट गुंडाळली आणि तो तिच्या हातात दिला.

“हा तुझ्या कपाटात ठेव. कुलूप लावून.”

“ठीक आहे, बाबा.”

“आणि मी मागितला तर देऊ नकोस.” ते दारापाशी थांबले. “मी भांडलो, तरी.”