चिऊताईचं दार

भिंतीवर माझी सावली पडली आणि तिचा कावळा झाला. समोर प्रकाशानं उमटवलेलं चिऊताईचं मेणाचं घर होतं, वरून पाऊस कोसळत होता. धाकट्या बहिणीचं, शलाकाचं, प्रदर्शन उघडायला अजून तासभर होता.

मी भिंतीवरचं दार ठोठावलं. "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." आतून आईचा आवाज आला!

आई शेवटी शेवटी शलाकाकडेच राहिली आणि तिथेच गेली. हा आवाजसुद्धा शलाकानंच रेकॉर्ड करून ठेवून घेतला होता.

"प्रत्येक वाक्य एकदाच ऐकू येतं, ताई. मग कायमचं पुसलं जातं," ती माझ्या मागून म्हणाली. "दुसरी प्रत ठेवली नाही. म्हणून पहिली तू."

केवढा हा मोठेपणा! मग तुझ्याकडेही काही उरायला नको. मी दार बडवत सुटले. आईनं बाळाला पुसलं, तीट लावली, झोपवलं. शलाका रडत होती आणि मला बरं वाटत होतं.

मग आई दमून थांबली. "राहू दे गं गोष्ट, शलू. आधी दार उघड. थोरली आली असेल, भिजली असेल."

मी पुन्हा ठोठावलं. पुन्हा.

भिंतीवर नुसता पाऊस पडत राहिला.