पायरीवरच्या खडावा

साकामाकी घराण्याच्या पूर्वजांनी साऱ्या गावासाठी उभारलेल्या त्या ग्रंथागारात आता एकच वाचक येत असे, निवृत्त स्टेशनमास्तर हात्सुदा. ते वाचनात गढले की त्या घराण्याच्या वृद्ध सूनबाई किनुए पायरीवरचे त्यांचे बूट रीतीप्रमाणे बाहेर तोंड करून ठेवीत. निघताना पाहुण्याला सोपे जावे, हा यजमानाचा धर्म. बाईंच्या दिवंगत पतीच्या खडावा मात्र तेथेच, वर्षानुवर्षे आत तोंड करून होत्या.

लेकाने शहरी राहायला बोलावल्यामुळे हात्सुदा त्या दिवशी शेवटचा ग्रंथ परत करण्यास आले. बूट काढता काढता त्यांनी थट्टेने त्या खडावा बाहेर वळवल्या.

"काय हो किनुएबाई, साऱ्या गावाचे जोडे सरळ करता, आणि घरधन्याचेच उलटे?"

बाईंनी लगबगीने त्या पुन्हा आत फिरवल्या. "राहू द्या, मास्तर. बाहेर तोंड केलं की माणसं निघून जातात."

हात्सुदा ओशाळले. खिडकीपाशी बसून त्यांनी ग्रंथाची अखेरची पाने पुन्हा एकदा सावकाश वाचली. बाईंनी चहा आणून ठेवला.

"सुनेच्या हातचं खाऊन चांगले गोल व्हाल आता."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं जातेय? आहेच की इथं."

सांजावल्यावर निरोप घेऊन हात्सुदा पायरीशी आले. आज प्रथमच त्यांचे बूट, त्यांनी काढले होते तसेच, आत तोंड करून होते.